शेवटचं धड कधी पाहिलं?

गुनवोर विद्यार्थिनी होती तेव्हा
ट्रोम्सोच्या इस्पितळात अगदी टोकाची खोली त्यांची असायची
ज्यांच्या अंगावरून वारं गेलंय.
(हा शब्द आपला. तिकडे वारं
रोजच अंगावरून जातं, दांडीवरचे मासे वाळवतं,
कुणाचं काही वाकडं करत नाही.)

मोठे डॉक्टर यायचे. रबरी हातोडी
गुडघ्यावर, कोपरावर, तळव्यावरून किल्लीचं टोक,
आणि डोळे मिटून सांगायचे: डावीकडे,
इतकं खोल, अमुक शीर.
नेम कधी चुकला नाही.
मग हातोडी खिशात, आणि कॉफी.
तिने एकदा विचारलं, आणि पुढे?
पुढे काय, म्हणाले, वाट बघायची.

हे तिच्या कारकिर्दीचं पहिलं वाक्य.
सत्तेचाळीस पानांच्या परिचयपत्रात ते नाही.

मग औषध आलं, गुठळी विरघळवणारं,
आणि औषधामागोमाग घड्याळ.
तीन तासांत आलात तर देऊ,
उशिरा दिलं तर मेंदूत रक्त उतरेल.
वाट बघण्याचं शास्त्र बघता बघता
धावण्याचं शास्त्र झालं.
गुनवोर तेव्हा चौतीसची,
पायात लाकडी तळव्याच्या सपाता,
तोंडात एकच प्रश्न,
हेलिकॉप्टरच्या पंख्याखाली ओरडून विचारायचा:
शेवटचं धड कधी पाहिलं?

हिवाळ्यात दोन महिने सूर्यच नसतो तिथे.
माणसं उत्तर देतात
रेडिओच्या बातम्यांवरून, फेरीबोटीच्या भोंग्यावरून,
कुत्र्याला बाहेर नेलं त्यावरून.
सेन्या बेटावरची योरुन म्हणाली,
सूप अळणी आहे म्हणून कुरकुरला, तेव्हा धड होता.
किती वाजता?
सहा वीस.
गुनवोरने लिहिलं, १८.२०. सुई टोचली.
पहाटे ओडमुंडने उजव्या हाताची बोटं
एकेक करून मिटली, उघडली,
जणू कुणाची जुनी उधारी मोजतोय.

तीन वर्षांनी, धक्क्यावर कोळंबी घेताना
योरुनने पिशवी खाली ठेवली.
डॉक्टर, ते सूप आदल्या दिवशीचं.
त्या दिवशी मी दुपारपासून बहिणीकडे होते.
कधी झालं, मला ठाऊक नाही.
पण तुमच्या नर्सचं तोंड बघून कळलं
उत्तर किती वाजताचं हवंय.

त्या रात्री तिने हिशेब मांडला.
चारशे अकरा माणसं. चारशे अकरा वेळा
कुणाच्या तरी आकड्यावर विसंबून सुई.
किती जणांचं सूप आदल्या दिवशीचं?
त्यातले सतरा उठलेच नाहीत. त्यांची नावं
तिला पाठ होती. आता वेळाही आठवू लागल्या.

विषय मिळाला. पैसे मात्र
पाचव्या अर्जाला मिळाले. तोवर लग्न मोडलं होतं.
जाताना आयवीन दारात बूट चढवत म्हणाला,
तूच सांग, शेवटचं धड कधी पाहिलंस?
ह्याची नोंद तिच्याकडे नव्हती.
सहा वर्षं ती घरोघर जाऊन बसली,
वॅफल खात, मेलेल्यांच्या आणि वाचलेल्यांच्या माणसांसमोर,
खरी वेळ विचारत.
माणसं घड्याळ पुढे ढकलतात, तिने लिहिलं.
परीक्षकाचा शेरा आला: कारण स्पष्ट करावे.
दोन आठवडे तो कागद टेबलावर पडून होता.
शेवटी लिहिलं: कुटुंबीय घाबरलेले असतात.
छापून आलं.
योरुनचं नाव कुठल्याही तळटीपेत नाही.

मग प्राध्यापकी, समित्या, परदेशातली व्याख्यानं,
आणि आज निवृत्तीचा केक, वर साखरेचा मेंदू,
डावा गोलार्ध ज्युनियरांनी आधीच फस्त केलेला.
बोलता बोलता तिच्या हातून कप निसटला.
खोली गप्प.
सात जणांनी एकदमच मनगटाकडे पाहिलं.
दोन वाजून नऊ, कुणीतरी पुटपुटलं.
ओला होता रे कप, गुनवोर म्हणाली
आणि हसली,
दोन्ही बाजूंना सारखी.